रटगर्सचा ५२ नंबर: एरिक लग्रँडची दुखापत

रारीटनकर | १६ ऑक्टोबर २०१०, रात्री ९:१०

न्यू मेडोलँड्स स्टेडियमवरून आत्ता घरी आलोय आणि डोकं बधीर झालंय म्हणून इथे लिहितोय. अमेरिकन फुटबॉलची मॅच, आपली न्यू जर्सीची युनिव्हर्सिटी रटगर्स विरुद्ध आर्मी (लष्करी अकादमीची टीम), ओव्हरटाइममधे २३-२० जिंकलो आपण, पण पार्किंग लॉटमधे कोणीच काही बोलत नव्हतं, गाड्या चालू करून लोक नुसते बसून होते.

झालं असं की चौथ्या क्वार्टरमधे आपण मागून येऊन १७-१७ बरोबरी केली, साधारण पाच मिनिटं शिल्लक, स्टेडियम पेटलेलं. मग किकऑफ. ५२ नंबर एरिक लग्रँड सगळ्यांच्या पुढे पळत गेला आणि आर्मीच्या माल्कम ब्राउनला जाऊन धडकला. टक्कर एवढी जबरदस्त होती की आख्खं स्टेडियम ओरडलं, माझ्या रांगेतले सगळे उभे. ब्राउन पडला, लग्रँड पडला, आणि लग्रँड हललाच नाही. हातसुद्धा नाही. ओरडणं कुठे विरलं कळलंच नाही.

ट्रेनर (दुखापती बघणारे) धावले, मग डॉक्टर, मग आपले कोच शियानो स्वतः जाऊन बाजूला गुडघ्यावर बसले. थोड्या वेळाने त्याची आई मैदानात आली तेव्हा माझ्या शेजारच्या काकू रडायला लागल्या, कारण आईला खाली बोलावतात म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. दोन्ही टीमची पोरं गुडघ्यावर. त्याला बोर्डावर बांधून गाडीवर ठेवलं, आम्ही सगळे वाट बघत होतो की आता अंगठा वर करेल, नेहमी करतात तसा. नाही केला.

२० वर्षांचा पोरगा आहे हो. आपल्या बाजूच्या एव्हनेलचा, कलोनिया हायस्कूलचा. एडिसनपासून गाडीने किती लांब, हाकेच्या अंतरावर. कोणाला काही कळलं तर लिहा प्लीज.

ओकट्रीरोड | १६ ऑक्टोबर, ९:३२

टीव्हीवर बघत होते. हॅकेन्सॅकच्या हॉस्पिटलला नेलंय एवढंच कळलं. एक विनंती, तो क्लिप इथे कोणी टाकू नका. त्याच्या घरचे कुठे काय बघतील सांगता येत नाही, आणि परत परत बघून आपल्याला कळणार तरी काय आहे.

बोरीवलीचा_बंड्या | १६ ऑक्टोबर, ९:५०

अनुमोदन. फेसबुकवर लोकांनी आधीच टाकलाय आणि खाली "व्हॉट अ हिट" असं लिहिलंय. पोरगा पडलाय तिकडे आणि ह्यांना हिट दिसतेय. वाईट वाटलं वाचून.

ठाणेकर | १६ ऑक्टोबर, १०:०५

मी ठाण्यात बसून वाचतोय, तिकडचा फुटबॉल मला फारसा कळत नाही. किकऑफ म्हणजे नक्की काय असतं? आणि एवढी धोकादायक टक्कर त्याच वेळी का होते?

रारीटनकर | १६ ऑक्टोबर, १०:२४

@ठाणेकर, मॅचमधे बाकीच्या वेळी दोन्ही टीम समोरासमोर अगदी जवळ उभ्या असतात, धडकतात पण वेग पकडायला जागा नसते. किकऑफला तसं नाही. एक टीम बॉल लांब मारते आणि तिचे खेळाडू चाळीस-पन्नास यार्ड जीव खाऊन पळत जातात, समोरून बॉल घेतलेला तेवढ्याच वेगात त्यांच्या अंगावर येतो. लग्रँड म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपासचा गडी, डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या फळीतला. एवढ्या वजनाची पोरं सहसा किकऑफला पळत नाहीत, हा पळायचा कारण ह्याला वेग होता आणि त्याला ते आवडायचं. धडकताना डोकं खाली गेलं त्याचं, हेल्मेटचा वरचा भाग ब्राउनच्या खांद्यात बसला. मी लांबून बघितलं तरी ते दिसलं.

जर्सी_सिटीकर | १६ ऑक्टोबर, १०:५१

मला एक कळत नाही, मॅच चालू का ठेवली? एक पोरगा मान धरून, म्हणजे मान धरूसुद्धा न शकता हॉस्पिटलमधे गेलाय आणि आपण ओव्हरटाइम खेळतोय? ओव्हरटाइमला लोक ओरडत होते ते मला टीव्हीवरसुद्धा ऐकवेना.

रारीटनकर | १६ ऑक्टोबर, ११:१५

तिथे असलेल्यांना त्या वेळी नक्की काय झालंय ते माहीत नव्हतं. पण तुमचं बरोबर आहे, थांबवायला हवी होती. ती पोरं रडत रडत खेळली.

ओकट्रीरोड | १७ ऑक्टोबर २०१०, दुपारी ३:४०

बातमी चांगली नाही. रात्रीच ऑपरेशन झालं. रटगर्सने सांगितलंय की मानेखाली हालचाल नाही. आज दसरा. सकाळी सोनं वाटायला चार घरी गेलो, चारही घरी हाच विषय, ज्यांनी आयुष्यात फुटबॉलची एक मॅच बघितली नाही ते पण विचारत होते की तो एव्हनेलचा मुलगा कसा आहे.

मेम्फिसवासी | १७ ऑक्टोबर, ४:२०

मी ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीला, शिकलोय म्हणून हे लिहायलाच हवं असं वाटतंय. आमच्याकडे चकी मलिन्स नावाचा मुलगा होता, ३८ नंबर. २८ ऑक्टोबर १९८९, व्हँडरबिल्टविरुद्ध होमकमिंगची मॅच, जुने विद्यार्थी परत येतात ती. त्याने व्हँडरबिल्टच्या ब्रॅड गेन्सला टॅकल केलं, म्हणजे धडकून पाडलं, हेल्मेट गेन्सच्या पाठीत बसलं आणि मानेचे मणके मोडले. त्याच्यासाठी लोकांनी मदतीचा पूर लोटला, घर बांधून दिलं, तो व्हीलचेअरवरून कॉलेजला परत आला, आणि मे १९९१ मधे गेला. फुप्फुसात गाठ अडकली होती. अजून त्याच्या नावाने दरवर्षी एका खेळाडूचा सन्मान होतो.

पण मला सांगायचंय ते गेन्सबद्दल. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं, तो फक्त बॉल पकडत होता. पण तो चकीला हॉस्पिटलमधे भेटायला जायचा, दोघांची घट्ट मैत्री झाली, आणि चकी गेल्यावर इतकी वर्षं तो त्याच्या कबरीपाशी जातोय, एकटा, साफसफाई करतो. म्हणून लग्रँडसाठी प्रार्थना करताना आर्मीच्या त्या माल्कम ब्राउनला पण विसरू नका. त्याची कॉलरबोन मोडलीय म्हणे. हाड जुळेल, पण मनात काय चालू असेल त्या पोराच्या.

बोरीवलीचा_बंड्या | १७ ऑक्टोबर, ४:४५

@मेम्फिसवासी हे वाचून थांबलो. ब्राउनचा विचार मनात आलाच नव्हता.

हाडाचा_डॉक्टर | १७ ऑक्टोबर, ११:३०

ड्यूटी संपवून आलो. इथे लोक "पाठ मोडली", "नस दबली" असं लिहितायत म्हणून थोडं सविस्तर. मी त्याचे रिपोर्ट बघितलेले नाहीत, जे जाहीर झालंय त्यावरून बोलतोय.

मानेत सात मणके. बातमीत सी-३, सी-४ म्हणतायत, म्हणजे तिसरा आणि चौथा. श्वासासाठी पोटाच्या वर जो पडदा हलतो, डायफ्रॅम, त्याची नस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते. म्हणून तिथे मज्जारज्जूला मार बसला की हातपाय तर जातातच, श्वाससुद्धा स्वतःचा राहत नाही, व्हेंटिलेटर लागतो. आम्हाला कॉलेजात शिकवतात की तीन-चार-पाच सांभाळा, माणूस जगवा.

आता टक्कर. मान सरळ उभी असते तेव्हा तिला मागे एक नैसर्गिक बाक असतो, धक्का स्नायू आणि तो बाक मिळून पचवतात. डोकं थोडं खाली केलं की तो बाक जातो, मणके एका सरळ रेषेत येतात, आणि त्या क्षणी डोक्याच्या टाळूवर मार बसला तर सगळा जोर थेट मणक्यांतून खाली जातो. पुढे डोकं थांबलेलं, मागून शरीर येतंच आहे, मधे मान चिरडते. हेल्मेट कितीही चांगलं असलं तरी इथे काही करू शकत नाही, हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही.

हे आजचं ज्ञान नाही. अमेरिकेत सत्तरीच्या दशकात जोसेफ टॉर्ग नावाच्या डॉक्टरने अशा केसेस मोजायला सुरुवात केली. त्यांच्या कामामुळे १९७६ साली डोक्याने धडक मारण्यावर शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे बंदी आली. १९७६ च्या सीझनमधे कायमचे चारही हातपाय गेलेले ३४ खेळाडू होते, १९८४ मधे ५. एका नियमामुळे. म्हणजे "खेळ आहे, लागणारच" असं जे कोणी म्हणेल त्याला मी हे आकडे दाखवतो.

सातारचा_पैलवान | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

डॉक्टर, तुमचा मान राखून बोलतो. मी स्वतः तालमीत वाढलोय. कुस्तीत पण मान जाते, कबड्डीत पण जाते, दर वर्षी दहीहंडीला थरावरून पडलेली पोरं केईएमला येतात त्यांच्यात पण मानेची असतात. अंगमेहनतीचा खेळ म्हटलं की जोखीम आलीच, ती काढायला गेलात तर उरतं काय? त्या पोरालापण विचारलंत तर तो म्हणेल मला खेळायचं होतं.

हाडाचा_डॉक्टर | १८ ऑक्टोबर, ८:०२

पैलवान, तालमीत वस्ताद पोराला पहिलं काय शिकवतात? मान कशी वाचवायची. ब्रिज, म्हणजे डोक्यावर भार घेऊन मानेची कमान, मारायला लावतात महिनोन्‌महिने. मी पण तेवढंच म्हणतोय. जोखीम शून्य करा असं कोणी म्हणत नाही, पण जी टाळता येते ती पोराच्या हौसेवर ढकलू नका. आणि दहीहंडीच्या पोरांचं म्हणाल तर त्यांना मी बघितलंय. पहिला आठवडा वॉर्डात मंडळाची गर्दी असते, नेते येतात, फोटो होतात. तीन महिन्यांनी फक्त आई असते.

सातारचा_पैलवान | १८ ऑक्टोबर, ८:२०

हे मात्र पटलं. आमच्या भागातल्या एका पोराचं असंच झालंय, आता त्याच्याकडे कोणी जात नाही.

जर्सी_सिटीकर | १८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मग पैशाचं काय? हा पोरगा काही पगारी नाही, स्कॉलरशिपवर आहे. आयुष्यभराचा खर्च कोण करणार?

मेम्फिसवासी | १८ ऑक्टोबर, २:००

एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचा, एक मोठ्या अपघाताचा विमा असतो, अशा केसमधे तो लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. पण तो काही पहिल्यापासून नव्हता. केंट वॉल्ड्रेपचं नाव ऐका. १९७४, टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा, अलाबामाविरुद्धच्या मॅचमधे मान मोडली. त्याने कित्येक वर्षांनी कामगार म्हणून भरपाई मागितली, म्हणणं असं की मी कॉलेजसाठीच काम करत होतो. खालच्या पातळीवर जिंकला, मग उलटलं, आणि शेवटी २००० साली टेक्सासच्या कोर्टाने सांगितलं की तू नोकर नव्हतास. मधल्या काळात तो मज्जारज्जूच्या संशोधनासाठी पैसे उभे करत राहिला. रटगर्सने लग्रँडसाठी फंड चालू केलाय, विमा असला तरी घराला रॅम्प, व्हॅन, आईची सुटलेली नोकरी ह्या गोष्टी विम्यात बसतीलच असं नाही. मी चेक पाठवतोय.

ओकट्रीरोड | ६ नोव्हेंबर २०१०, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतेय. दिवाळीच्या धावपळीत लिहायचं राहिलं. त्याला वेस्ट ऑरेंजच्या केसलर इन्स्टिट्यूटमधे, म्हणजे पुनर्वसनाच्या हॉस्पिटलमधे, हलवलंय, तिथेच क्रिस्टोफर रीव्ह पण होता, मान मोडलेला तो सुपरमॅनवाला नट. शियानो रोज हॉस्पिटलला जायचे म्हणे, सीझन चालू असताना.

रारीटनकर | २८ नोव्हेंबर २०१०, रात्री १०:४५

व्हेंटिलेटर निघाला!! स्वतःचा श्वास घेतोय. डॉक्टरांनी सांगितलं होतं आयुष्यभर लागेल, आणि थँक्सगिव्हिंगच्या आत निघाला. पाच-सहा आठवड्यात.

टीमबद्दल आता इथे सगळे शिव्या घालतायत म्हणून सांगतो. आर्मीच्या मॅचनंतर आपण ४-२ होतो, त्यानंतर एकही जिंकलेलो नाही. मला त्या पोरांवर एका शब्दानेही रागवायचं नाही. २०-२१ वर्षांची पोरं आहेत, रूममेट तिकडे नळ्यांमधे आणि इकडे शनिवारी परत तोच किकऑफ, परत तसंच पळायचं. आपल्यापैकी कोणी ऑफिसला तरी गेलं असतं का?

हाडाचा_डॉक्टर | २९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

फार आनंद झाला वाचून. एक सांगतो, श्वास परत येणं म्हणजे हातपाय परत येतील असं नाही, आशा ठेवा पण त्याच्यावर अपेक्षांचं ओझं टाकू नका. व्हेंटिलेटर नसणं म्हणजे इन्फेक्शन कमी, बोलता येणं सोपं, घरी जाता येणं शक्य. हेच खूप मोठं आहे.

बोरीवलीचा_बंड्या | ३० ऑक्टोबर २०११, सकाळी ९:२०

कोणी बघितलं का काल?? मी अजून सावरलो नाहीये. ऑक्टोबरमधे एवढा बर्फ, आमच्याकडे लाइट गेलेत, मी हे फोनवरून टाइप करतोय गाडीत बसून चार्जिंगला लावून. वेस्ट व्हर्जिनियाची मॅच, सगळं मैदान पांढरं, आणि बोगद्यातून टीमच्या पुढे कोण येतंय तर एरिक. व्हीलचेअरवर, लाल जॅकेट, मागे सगळी टीम त्याच्या वेगाने चालतेय, कोणी त्याच्या पुढे जात नाही. मी मित्राबरोबर वरच्या स्टँडमधे, हातमोजे घालून टाळ्या वाजवत होतो आणि आवाजच येईना म्हणून हातमोजे काढले.

हरलो ४१-३१. चालतंय.

जर्सी_सिटीकर | ३० ऑक्टोबर २०११, १०:०५

मी गेल्या वर्षी इथे मॅच चालू ठेवली म्हणून चिडलो होतो. काल त्याचा चेहरा बघितला मोठ्या स्क्रीनवर, हसत होता. त्याला त्याच्या लोकांबरोबर तिथे यायचं होतं हे कळलं. मॅच थांबवायला हवी होती असं मला आजही वाटतं, पण आता ते वाटणं त्याच्यासाठी आहे, खेळाविरुद्ध नाही.

मेम्फिसवासी | ३ मे २०१२, रात्री ८:१५

शियानो जानेवारीत टँपा बेच्या बकनीअर्सला, एनएफएलच्या म्हणजे व्यावसायिक लीगच्या टीमला, गेले ते माहीत असेल. काल त्यांनी लग्रँडला टीममधे साइन केलं. एनएफएलमधे खेळायचं त्याचं स्वप्न होतं ना. काही लोक म्हणतील की हे फक्त दाखवायला आहे. मला नाही तसं वाटत. कोचने त्याला घरी जाऊन रिक्रूट केलं होतं, आईला शब्द दिला होता, आणि नोकरी बदलली, राज्य बदललं तरी तो शब्द पाळतोय.

रारीटनकर | ३ मे २०१२, ९:००

त्याच्याबरोबर हेपण नोंदवतो, कारण ह्याची बातमी कोणी पहिल्या पानावर घेत नाही. ह्या सीझनपासून कॉलेजमधे किकऑफ ३० ऐवजी ३५ यार्डवरून. बॉल जास्त वेळा थेट एंडझोनमधे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, जाणार, रिटर्न कमी, टकरी कमी. पळायला सुरुवात करायला पण आता मागून लांबून यायचं नाही, पाच यार्डच. टचबॅक घेतला, म्हणजे बॉल तिथेच ठेवून पळालं नाही, तर बॉल २५ यार्डवर मिळणार म्हणजे न पळण्याचा मोह वाढेल. शियानो तर म्हणतायत किकऑफच काढून टाका, त्याऐवजी ३० यार्डवर चौथा डाउन, म्हणजे शेवटचा चान्स, आणि जायला १५ यार्ड द्या, पाहिजे तर पंट करा, म्हणजे बॉल लांब लाथाडा, हिंमत असेल तर खेळा. जुने लोक हसतायत. मला तरी ह्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, ज्याने ती पाच-सात मिनिटं गवतावर गुडघे टेकून काढलीत तो बोलतोय.

आणि ज्यांना वाटतं नियम बदलले की खेळ मरतो त्यांच्यासाठी, हा खेळ सुरूच आपल्याकडे झाला, ६ नोव्हेंबर १८६९, न्यू ब्रन्सविकला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, ६-४ आपण जिंकलो. १९०५ पर्यंत त्याची अशी अवस्था झाली की एका सीझनमधे पोरं मरत होती, अठरा-एकोणीस तरी, आणि प्रेसिडेंट रूझवेल्टने कॉलेजवाल्यांना व्हाइट हाऊसमधे बोलावून घेतलं. त्यानंतर १९०६ साली फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकायची मुभा, आला. आज आपण ज्या लांब पाससाठी उभे राहून ओरडतो तो पोरं मरू नयेत म्हणून केलेल्या बदलातून आलाय.

सातारचा_पैलवान | ४ मे २०१२, सकाळी ७:३०

फॉरवर्ड पासचं मला माहीत नव्हतं. छान लिहिलंत.

ओकट्रीरोड | १५ सप्टेंबर २०१३, दुपारी १२:१०

काल ५२ नंबर कायमचा रिटायर केला, म्हणजे आता तो कोणाला देणार नाहीत, रटगर्सच्या फुटबॉलमधे पहिल्यांदाच. गणपती आहेत, घरी पाहुणे, तरी आम्ही हाफटाइमला टीव्ही लावलाच. माझ्या सासूबाई भारतातून आल्यात, त्यांनी विचारलं हा कोण, मी सांगितलं, तर म्हणाल्या त्याच्या आईला दाखवा ना. दाखवलं तेवढ्यात कॅमेऱ्याने. कॅरन लग्रँडबद्दल कोणीतरी कधीतरी लिहायला हवं. पोराला रोज उठवणं, वळवणं, भरवणं, फोन धरणं. बाकी सगळे आपण शनिवारपुरते.

हाडाचा_डॉक्टर | १५ सप्टेंबर २०१३, ४:५५

ह्या वर्षीपासून टार्गेटिंगला, म्हणजे समोरच्याच्या डोक्या-मानेवर किंवा हेल्मेटच्या टाळूने धडक मारण्याला, नुसता यार्डांचा दंड नाही, खेळाडूला बाहेर काढणार. फॅन्स रेफरीवर चिडतायत. थोडं चिडू द्या, सवय होईल. १९७६ ला पण चिडले होते.

एडिसनची_आई | २० नोव्हेंबर २०१८, रात्री ९:४०

शोधताना हा जुना धागा सापडला, सगळा वाचला. माझा मुलगा तिसरीत आहे, मित्र फ्लॅग फुटबॉल खेळतात (पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची), पुढे टॅकल खेळतील. मला ह्यातलं काही कळत नाही. आता तरी किकऑफ कमी धोक्याचा झालाय का?

रारीटनकर | २० नोव्हेंबर २०१८, १०:२०

हो ताई, झालाय, आणि त्याला पुरावा आहे. आयव्ही लीग म्हणजे जुन्या नामांकित युनिव्हर्सिट्यांचा गट, त्यात आपलं प्रिन्स्टन पण, त्यांनी २०१६ पासून किकऑफ ४० यार्डवरून केला आणि टचबॅक २० वर. गेल्या महिन्यात त्याचा अभ्यास छापून आला: आधी दर १००० किकऑफमागे साधारण ११ कन्कशन (मेंदूला हादरा) व्हायची, बदलानंतर २. आणि ह्या वर्षी सगळ्या कॉलेजमधे २५ यार्डच्या आत फेअर कॅच केला, म्हणजे हात वर करून न पळता बॉल झेलला, तरी टचबॅक धरतात. फ्लॅग खेळू द्या बिनधास्त, त्यात टॅकलच नाही.

जर्सी_सिटीकर | ३ जानेवारी २०२३, पहाटे १२:५०

झोप लागत नाहीये. डमार हॅमलिन, एनएफएलच्या बफलो बिल्सचा. टॅकल करून उठला आणि कोसळला, मैदानावरच सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवणं. सगळी टीम गोल करून उभी, पोरांनी तोंड फिरवलेलं. मला परत ते २०१० चं आठवलं. पण ह्या वेळी मॅच थांबवली. दोन्ही कोचनी मिळून टीम आत नेल्या.

हाडाचा_डॉक्टर | ३ जानेवारी २०२३, ६:३०

काय झालं असेल ह्यावर आत्ता अंदाज नको, प्लीज. एकच बोलतो, तिथल्या ट्रेनरनी लगेच सीपीआर सुरू केला. तेच महत्त्वाचं. आपल्या मुलांच्या शाळेत, क्लबात, सोसायटीच्या मैदानावर एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, कुठे ठेवलाय ते आज विचारा.

बोरीवलीचा_बंड्या | ७ जानेवारी २०२३, सकाळी ११:००

हॅमलिन शुद्धीवर आहे, बोलतोय. लोकांनी त्याच्या खेळण्यांच्या फंडात पैसे टाकले, त्याने २५०० डॉलरचं लक्ष्य ठेवलेलं, ८० लाखांच्या वर गेलं. एरिकबद्दल कोणी विचारत असेल तर सांगतो, वुडब्रिजमधे त्याचं कॉफी हाऊस आहे, मी मधेमधे जातो. २०१४ ला डिग्री पूर्ण केली, क्रिस्टोफर रीव्हच्या फाउंडेशनबरोबर टीम लग्रँड चालवतो, संशोधनाला पैसे उभे करतो. शियानो परत रटगर्सला आलेत, तो मॅचला असतो.

एडिसनची_आई | १६ जुलै २०२३, रात्री १०:१५

२०१८ ला विचारलं होतं ती मीच. आता मुलगा आठवीत जाणार, पुढच्या वर्षी हायस्कूलच्या टीमला जायचं म्हणतोय, टॅकल. बाबा तयार आहेत, मी नाही. नको म्हटलं की रुसतो. सगळे "तुमचा निर्णय" म्हणतात, मला कोणीतरी नीट सांगा ना की काय विचारायचं.

हाडाचा_डॉक्टर | १७ जुलै २०२३, ७:१५

ताई, मी तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तरी शाळेत जाऊन हे विचारा. प्रॅक्टिसला सर्टिफाइड ट्रेनर हजर असतो का, फक्त मॅचला नाही, रोज. आपल्या राज्याने २०१९ पासून सीझनमधे पूर्ण टकरीची प्रॅक्टिस आठवड्याला ९० मिनिटांवरून १५ वर आणलीय, ते घड्याळ लावून पाळतात का. टॅकल शिकवताना डोकं वर, नजर समोर, खांद्याने, हे कोण शिकवतं आणि पोराने डोकं खाली घातलं तर त्याला बाहेर बसवतात का की शाबासकी देतात. मानेचे व्यायाम करून घेतात का. आणि पोराने "चक्कर येतेय" म्हटलं तर परत मैदानात जायची परवानगी कोण देतं, कोच की डॉक्टर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कोच" आलं तर तिथून उठून या.

सातारचा_पैलवान | १७ जुलै २०२३, ८:४०

आणि ताई, पोराला पण बरोबर न्या. त्याच्यासमोर विचारा. त्याला कळू दे की आई घाबरून नाही म्हणत नाहीये, माहिती घेऊन बोलतेय.

एडिसनची_आई | २९ जुलै २०२३, रात्री ९:०५

जाऊन आले दोघं. कोच शांतपणे बसले पाऊण तास. ट्रेनर रोज असतो, त्या बाई स्वतः भेटल्या, परवानगी डॉक्टरचीच लागते म्हणाल्या. एईडी कुठे आहे ते दाखवलं. डोकं खाली घालण्याबद्दल विचारलं तर कोचने विचारलं की तुम्ही लग्रँडचं वाचलंय का, आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळ्या पोरांना त्याच्याबद्दल सांगतात. मानेचे व्यायाम मात्र आठवड्यातून एकदाच करून घेतात. डॉक्टर, ते पुरतं का? सही करायला अजून वेळ आहे, त्याआधी तुमचं उत्तर मिळालं तर बरं होईल.

हाडाचा_डॉक्टर | २९ जुलै २०२३, ११:२०

एकदा कमी आहे. घरी दोन-तीन दिवस करता येतील, साधे आहेत, हाताने डोक्याला विरोध द्यायचा, चारही बाजूंनी. वजन वगैरे लावायचं नाही ह्या वयात. पण आधी मान-खांदे एकदा कोणाकडून तरी तपासून घ्या, तिथल्या ट्रेनरबाईंनाच विचारा कुठे पाठवतात ते. पोराची मान लांब आणि बारीक असेल तर हे वर्षभर करून मगच टॅकलचं बघा, एक वर्ष उशिरा सुरू केल्याने काही बिघडत नाही.